घरच्या अंगणात पिकलबॉल: कोर्ट आखण्यापासून पहिल्या गेमपर्यंत

मे महिन्यात कोकणातली घरं भरतात. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, चुलत-मावस भावंडं जमतात आणि दुपारचे आंबे खाऊन झाले की संध्याकाळी काय खेळायचं हा प्रश्न पडतो. क्रिकेट काढलं तर सहा वर्षांचं पोर दिवसभर फिल्डिंगच करतं आणि आजी-आजोबा ओटीवर बसून बघत राहतात. पिकलबॉलमध्ये, म्हणजे छोट्या बॅटीनं भोकांचा हलका बॉल नेटपलीकडे टोलवायच्या खेळात, हे होत नाही. आठ वर्षांची नात आणि साठ वर्षांची आजी एका बाजूला उभ्या राहून कॉलेजातल्या काकाला खरोखर हरवू शकतात, कारण या खेळाच्या दोन नियमांनी ताकदीचं मोल कमी करून ठेवलंय. सर्व्ह कमरेखालून करायची, आणि नेटच्या अगदी जवळ उभं राहून हवेतला बॉल हाणायचा नाही. घरच्या खेळात बाकी काय हवं ते सैल करा, पण हे दोन नियम घट्ट धरा.

हा खेळ जन्मलाच मुळी सुट्टीतल्या कंटाळलेल्या मुलांसाठी. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा बॉल घेऊन तो सुरू केला. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होतं. डांबरी जमिनीवर बॉलचा टप्पा चांगला पडतो हे लक्षात आल्यावर ते ३६ इंचांवर आणलं. पुढे त्यांचे शेजारी बार्नी मॅकॅलम यांनी प्लायवूड कापून पॅडल, म्हणजे या खेळाच्या बॅटी, बनवली. म्हणजे हाताशी असेल त्या सामानातून उभा राहिलेला हा खेळ आहे, आणि आजही तसाच उभा करता येतो.

जागा: आधी टप्पा बघा, मग माप घ्या

पूर्ण कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब असतं. एकेरी आणि दुहेरी दोन्हींना हेच माप. भोवती धावायला जागा धरली तर कमीत कमी ३० बाय ६० फूट मोकळं पटांगण लागतं. एवढं अंगण प्रत्येक घराला नसतं, पण त्याचा उपाय पुढे आहे. त्याआधी जमीन तपासा, कारण हा बॉल पोकळ आणि हलका असतो आणि जमिनीनं साथ दिली नाही तर तो उसळतच नाही.

तपासणी सोपी आहे. साडेसहा फुटांवरून बॉल नुसता सोडा आणि टप्प्यानंतर तो किती वर येतो ते भिंतीवरच्या खुणेशी ताडून बघा. कठीण ग्रॅनाइटवर चांगला बॉल ३० ते ३४ इंच वर येतो. कोबा किंवा गुळगुळीत काँक्रीट असेल तर तुम्हाला त्याच्या जवळपासचा आकडा मिळेल. दोन फुटांपेक्षा कमी आला तर त्या जागेवर पूर्ण कोर्ट आखू नका. बॉल दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल, पण उचलायला वाकून वाकून मोठ्यांची कंबर जाईल आणि मुलं कंटाळतील. एकाच ठिकाणी नव्हे, दहा-बारा ठिकाणी टाकून बघा. मधेच एक जागा मऊ निघाली की सगळे वाद तिथेच होतात.

कोकणातल्या जमिनींचा विचार केला तर कोबा सगळ्यांत चांगला. पेव्हर ब्लॉक चालतात, पण सांध्यांवर बॉल वाकडा जातो, म्हणून उंचसखल झालेले ब्लॉक आधी बसवून घ्या. चिऱ्यांच्या फरशीचंही तेच. जांभा खरबरीत असतो, त्यावर बॉल लवकर झिजतो आणि पडलं तर गुडघे सोलवटतात. शेणानं सारवलेलं खळं चोपणीनं नीट चोपलेलं असेल तर छोट्या कोर्टाला पुरतं. ताजं सारवलेलं मात्र नको, पोपडे सुटतात आणि पाय घसरतो. किनाऱ्यावरच्या वाळूत टप्प्याचा खेळ होत नाही. ओहोटीच्या वेळची ओली वाळू पायाला कडक लागते, पण बॉल त्यावरही बसतो. तिथे फक्त हवेतल्या हवेत बॉल परतवण्याचा सराव करा.

आणखी एक गोष्ट, जिच्यात तडजोड करू नका: माडाखाली कोर्ट नको. नारळ, वाळलेली झावळ, पोफळीची विरी, यातलं काहीही कधीही खाली येतं आणि खेळणाऱ्याचं लक्ष वर नसतं, बॉलवर असतं. बाग जवळ असेल तर कोर्ट झाडांच्या घेराबाहेर घ्या किंवा बागकाम करणाऱ्याकडून आधी झाडांवरचे नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्या.

कोर्ट आखणं

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला उतरतो. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर एका बाजूच्या दोघांच्या डोळ्यांत ऊन थेट येतं आणि त्यांना बॉल दिसतच नाही.

काटकोन नजरेनं साधत नाही. दोरीनं २० बाय ४४ चा चौकोन ताणा आणि दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक कर्ण ४८ फूट ४ इंच भरला की चौकोन बरोबर. मग नेटची रेषा अगदी मधोमध, म्हणजे दोन्ही टोकांपासून २२ फुटांवर धरा. नेटपासून दोन्ही बाजूंना ७ फुटांवर एक-एक आडवी रेषा मारा. नेट आणि या रेषेमधला पट्टा म्हणजे ‘किचन’. किचनच्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंत मधोमध एक उभी रेषा मारली की प्रत्येक बाजूला १० बाय १५ फुटांचे दोन सर्व्हिस बॉक्स तयार होतात. कोर्टाचं माप बाहेरच्या रेषांच्या बाहेरच्या कडेपासून घ्यायचं. रेषेची जाडी २ इंच.

सगळ्या रेषा मिळून १९८ फूट, म्हणजे साधारण साडेसाठ मीटर भरतात. चिकटपट्टी वापरणार असाल तर २० मीटरची तीन बंडलं थोडक्यात कमी पडतात, चार आणा. मास्किंग टेप दिवसभराच्या उन्हानं कोब्याला इतकी चिकटते की निघताना तुकडे होतात, म्हणून ती खेळ संपला की त्याच संध्याकाळी काढा. पूर्ण सुट्टीभर कोर्ट ठेवायचं असेल तर पाण्यात कालवलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून ब्रशनं रेषा मारा. रोज पाऊस पडत नसेल तोवर टिकतात. ओला चुना डोळ्याला आणि त्वचेला वाईट, त्यामुळे वाळेपर्यंत मुलांना लांब ठेवा. चुन्याची कोरडी फक्की मुलांच्या कोर्टावर टाकूच नका, ती पायांनी उडते आणि डोळ्यांत जाते. खळ्यावर रांगोळी चालते, फक्त ती रोज नवी काढावी लागते. हे काम मुलांकडे द्या, कोर्टाची मापं आपोआप पाठ होतात.

गावातल्या शाळेत किंवा समाजमंदिराजवळ बॅडमिंटनचं कोर्ट असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. दुहेरीचं बॅडमिंटन कोर्टही २० बाय ४४ फुटांचंच असतं. सगळ्यांत बाहेरच्या रेषा आणि मधली उभी रेषा वापरा, आतल्या बाकीच्या रेषा विसरा. एकच फरक लक्षात ठेवा: बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचनची ७ फुटांवर. ती सहा इंच मागे खडूनं नवी मारा. बॅडमिंटनचं नेट अडीच फूट रुंद असतं. ते तीन फुटांवर उतरवून बांधलं की खाली अर्धा फूट फट राहते. तिथून बॉल निसटला तर तो गुण समोरच्याचा, असं आधीच ठरवा.

अंगण छोटं असेल तर दोन वाटा आहेत. एक, सगळं पाऊणपट करा: १५ बाय ३३ फूट, किचन ५ फूट. हे सहा ते दहा वर्षांच्या मुलांना पूर्ण कोर्टापेक्षाही जास्त मानवतं, त्यामुळे जागा असली तरी त्यांना इथेच सुरुवात करू द्या. दुसरी वाट अरुंद पण लांब अंगणासाठी, विशेषतः घर आणि गडगा (दगडी कुंपण) यांच्यामध्ये पट्टा सुटलेला असतो तिथे. अर्धी रुंदी, म्हणजे १० बाय ४४ फूट घ्या आणि एकास एक खेळा. यात धावणं कमी आणि बॉल सरळ ठेवण्याचा सराव भरपूर होतो.

जाळं

नेट दोन्ही कडेच्या रेषांवर ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच उंच असतं. खांब एकमेकांपासून २२ फुटांवर, म्हणजे प्रत्येक खांब कोर्टाबाहेर एक फूट. दुकानातलं सुटं नेट लोखंडी नळ्यांचं असतं आणि खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत सांध्यांशी गंजतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी घरीच जाळं बांधणं अधिक शहाणपणाचं.

कोळीवाड्यात मासेमारीतून बाद झालेलं नायलॉनचं जाळं मिळतं. त्याचा डोळा दीड इंचापेक्षा मोठा नको. बॉलचा व्यास साधारण पावणेतीन-तीन इंच असतो, पण मोठ्या डोळ्यात तो अडकतो आणि प्रत्येक वेळी सोडवत बसावं लागतं. जाळं दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, तरच वास आणि मीठ जातं. अडकलेले गळ किंवा शिशाच्या गोळ्या राहिल्या नाहीत ना, हे हातानं चाचपून नव्हे, उजेडात डोळ्यांनी बघा. मग तीन फूट रुंद तुकडा कापा. लांबी २२ ऐवजी २४ फूट धरा, कारण ताणल्यावर जाळं उंचीत आखडतं, त्यामुळे थोडी ढील ठेवावी लागते.

वरच्या कडेतून ६ मिलिमीटरची प्लास्टिकची दोरी ओवा. नायलॉनची दोरी दवानं ओली झाली की ढिली पडते आणि सकाळी नेट मधे लोंबतं. दोरीवर पांढऱ्या कापडाची चार इंचांची पट्टी दुमडून शिवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच दिसेल. ही पट्टी शोभेची नाही. संध्याकाळच्या उजेडात मुलांना नेटची वरची कड तिच्यामुळेच कळते.

खांबांसाठी २० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या घ्या, मध्ये चार फुटांचा जीआय पाइप उभा धरून काँक्रीट भरा. एक बादली पंचेचाळीस किलोच्या पुढे जाते, तरी दोरी घट्ट ताणली की ती आत कलते. म्हणून प्रत्येक खांबाला बाहेरच्या बाजूनं एक ताण द्या, चिऱ्याला किंवा झाडाच्या बुंध्याला. या ताणाच्या दोरीला रंगीत चिंध्या बांधा, मुलं धावताना ती दिसली पाहिजे. पाइपचं वरचं तोंड रबरी टोपीनं किंवा नारळाच्या करवंटीनं झाका.

एक काठी घेऊन तिच्यावर ३४ आणि ३६ इंचांच्या खुणा करा आणि रोज खेळापूर्वी नेट तपासा. नेट वर गेलं की लहान मुलांचे बॉल त्यातच अडतात आणि ती उगाच जोर लावायला शिकतात. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी नेट सरळ ३० इंचांवर उतरवा.

पॅडल आणि बॉल

पॅडलची लांबी १७ इंचांपेक्षा जास्त नसावी आणि लांबी-रुंदीची बेरीज २४ इंचांच्या आत हवी. वजनावर नियमात बंधन नाही, पण बाजारातली बहुतेक पॅडल २०० ते २३० ग्रॅमच्या आसपास असतात. मुलांना याहून जड देऊ नका. जड पॅडलचा पहिला परिणाम मनगटावर नाही, चालीवर होतो: मूल उशिरा फिरवायला लागतं आणि बॉल सारखा बाजूला जातो.

पाच-सहा पॅडल एकदम विकत घेण्याची गरज नाही. सुताराकडून ६ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायची करून घ्या. मोठ्यांसाठी साडेपंधरा इंच लांब आणि आठ इंच रुंद, मुलांसाठी चौदा बाय सात, आणि त्यातली मुठीची लांबी पाच इंच. मुठीला दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या चिकटवून ती गोलसर करा आणि वर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळा. साधं प्लाय वापरलं तर दमट हवेत कडेनं फुगतं आणि पापुद्रे सुटतात, म्हणून कडा व्हार्निशनं दोनदा बंद करा. ९ मिलिमीटरचं प्लाय घेण्याचा मोह टाळा, पॅडल साडेतीनशे ग्रॅमपर्यंत जाईल. पृष्ठभाग पॉलिश पेपरनं गुळगुळीत ठेवा. खरबरीत पॅडलनं बॉल फिरतो आणि शिकणाऱ्याला तो परतवता येत नाही.

बॉल दोन प्रकारचे. बाहेर खेळायचा साधारण ४० बारीक भोकांचा, कडक आणि थोडा जड. हॉलमधला २६ मोठ्या भोकांचा, मऊ. किनाऱ्याच्या वाऱ्यात २६ भोकांचा बॉल पतंगासारखा भरकटतो, तो पावसाळ्यात सभागृहासाठी राखून ठेवा. मात्र पाच-सात वर्षांच्या मुलांना वारा नसताना हाच मऊ बॉल द्या, लागला तरी कमी लागतो आणि हळू येतो. रंग पिवळा किंवा पोपटी-पिवळा घ्या. नारिंगी बॉल तांबड्या मातीवर आणि चिऱ्यावर हरवतो.

कडक बॉल बहुधा भोकांपासून तडकतो. आवाज बदलला, टणक ‘टक’ऐवजी फाटका ‘फट’ यायला लागला, की बॉल बदला. उन्हात ठेवलेल्या गाडीत किंवा पत्र्यावर बॉल ठेवले तर ते मऊ पडतात आणि अंडाकृती होतात. सपाट फरशीवर घरंगळवून बघा: डगमगत गेला तर तो सरावापुरता.

पहिल्या दोन दिवसांत काय शिकवायचं

नियम आधी सांगू नका. मुलांच्या हातात पॅडल द्या आणि बॉल पॅडलवर वर-वर उडवायला सांगा, सलग दहा वेळा. दहा झाले की एकदा पॅडलवर, एकदा जमिनीवर टप्पा. हे जमलं की समोरासमोर किचनच्या रेषांमागे उभं करा आणि टप्प्यानंतर हळूच पलीकडे टाकायला सांगा. इथे गुण मोजायचे नाहीत, दोघांनी मिळून किती वेळा बॉल चालवला ते मोजायचं. लक्ष्य वीस. पहिल्या दिवशी पाचही होत नाहीत, दुसऱ्या दिवशी बारा-पंधरा होतात, आणि मुलं स्वतःच पुन्हा मागतात. लहान मुलांना सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नका.

आपल्याकडच्या मुलांची एक अडचण ठरलेली असते: हात क्रिकेटचा असतो. पॅडल बॅटसारखं दोन्ही हातांत धरतात आणि मागे उंच नेऊन फिरवतात. बॉल गडग्यापलीकडे जातो. उपाय असा. मुलाला भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून एक हातावर उभं करा आणि बॉल त्याच्याकडे अलगद टाका. पॅडल मागे नेलं की भिंतीला लागतं, त्यामुळे ते आपोआप पुढूनच, छोट्या हालचालीत मारायला लागतं. दहा मिनिटांत फरक दिसतो. पॅडल धरायचं ते हस्तांदोलन करताना हात पुढे करतो तसं, आणि मूठ सैल. पक्षी धरल्यासारखी: उडू नये आणि चिरडूही नये.

बॅडमिंटन खेळलेल्या मोठ्यांची सवय वेगळी. ते मनगट झटकतात आणि प्रत्येक बॉल हवेतच घ्यायला धावतात. त्यांना पुढचा टप्प्यांचा नियम आधी समजावा, नाहीतर पहिल्या गेममध्ये सगळे फॉल्ट (नियमाच्या चुका) त्यांचेच होतात.

नियम, खेळायला लागतील एवढे

सर्व्ह मागच्या रेषेमागून, तिरपी, समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये. पॅडलचा बॉलला स्पर्श कमरेखाली, हात खालून वर जाणारा, आणि पॅडलचा वरचा भाग मनगटापेक्षा वर नको. एकच संधी मिळते. सर्व्ह किचनच्या रेषेवर पडली तरी फॉल्ट. बाकी कुठल्याही रेषेवर पडलेला बॉल आत धरायचा. नेटला घासून योग्य बॉक्समध्ये पडली तर खेळ चालू राहतो, पुन्हा सर्व्ह नाही. लहान मुलांना आणि आजींना टप्प्याची सर्व्ह शिकवा: बॉल हातातून नुसता सोडायचा, खाली आपटायचा नाही की वर उडवायचा नाही, आणि टप्पा पडल्यावर मारायचा. नियमात तिला पूर्ण परवानगी आहे आणि तिला कमरेची, मनगटाची बंधनंही लागू नाहीत.

दोन टप्प्यांचा नियम: सर्व्ह घेणाऱ्यानं एक टप्पा पडू द्यायचा, आणि त्याचा परतलेला बॉल सर्व्ह करणाऱ्या बाजूनंही टप्पा पडल्यावरच मारायचा. त्यानंतर हवेत घ्या किंवा टप्प्यावर. म्हणून सर्व्ह करणाऱ्या जोडीनं लगेच पुढे धावायचं नाही. पुढे गेलात तर तिसरा बॉल पायाशी येतो आणि हवेत घ्यावा लागतो, म्हणजे फॉल्ट.

किचनचा नियम सगळ्यांत जास्त चुकीचा समजला जातो. किचनमध्ये जायला बंदी नाही. टप्पा पडलेला बॉल तिथे जाऊन खुशाल मारा, नंतर तिथे उभे राहिलात तरी हरकत नाही. बंदी फक्त किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना बॉल हवेत मारायला आहे. बाहेरून हवेत मारून तोल जाऊन आत पाय पडला तरी फॉल्ट, मग बॉल तोवर मेलेला असला तरी. टोपी किंवा पॅडल त्या झोकात आत पडलं तरी फॉल्ट. आत गेलेल्यानं दोन्ही पाय बाहेर टेकवल्याशिवाय हवेतला बॉल मारायचा नाही. हा नियम घरात सगळ्यांना कडक लावा. उंच माणूस नेटवर उभा राहून मारायला लागला की लहानांचा खेळ तिथेच संपतो.

गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या जोडीला मिळतात. गेम ११ गुणांचा, दोनच्या फरकानं. दुहेरीत तीन आकडे म्हणायचे: आपले गुण, त्यांचे गुण, आणि सर्व्ह करणारा पहिला की दुसरा. समजा आजी-नात एका बाजूला आणि बाबा-आत्या दुसऱ्या. सुरुवात आजीच्या जोडीची, तर उजव्या बाजूचा खेळाडू ‘शून्य-शून्य-दोन’ म्हणून सर्व्ह करतो. पहिल्या पाळीत एकालाच सर्व्ह मिळते म्हणून ‘दोन’. गुण मिळाला की आजी-नात जागा बदलतात आणि तोच खेळाडू दुसऱ्या बाजूनं सर्व्ह करतो. चुकला की सर्व्ह बाबा-आत्यांकडे. तिथून पुढे प्रत्येक जोडीत आधी उजवीकडचा सर्व्ह करतो, तो चुकला की जोडीदार, तोही चुकला की पाळी पलीकडे. सर्व्ह घेणारी जोडी जागा बदलत नाही. गोंधळ झाला तर एकच खूण लक्षात ठेवा: आपले गुण सम असतील तर गेमच्या सुरुवातीला उजवीकडे असलेला आपला खेळाडू उजवीकडेच हवा.

दहा वर्षांखालच्या मुलांना हे तीन आकडे आठवडाभर तरी लावू नका. प्रत्येक रॅलीचा (सर्व्हपासून बॉल मरेपर्यंतच्या खेळाचा) एक गुण, सर्व्ह पाळीपाळीनं, गेम सातचा. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना दोन टप्पे द्या. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना अधिकृत नियमही दुसरा टप्पा देतो, त्यामुळे यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. कॉलेजातल्या पोरांना मात्र सवलत उलटी: त्यांनी डाव्या हातानं खेळायचं, किंवा सर्व्ह सोडून त्यांचा प्रत्येक बॉल किचनमध्येच पडला पाहिजे.

वारा, ऊन, पडझड

खारा वारा सकाळ सरता सरता सुटतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. मुलांसाठी सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. संध्याकाळी साडेपाचनंतर खेळा, पण वारा धरूनच. कोर्ट उत्तर-दक्षिण असेल तर वारा आडवा वाहतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच त्रास होतो. अशा वेळी रेषेजवळ नेम धरू नका, समुद्राकडच्या बाजूला दोन-तीन फूट आत मारा, वारा बॉल मधे आणून सोडतो. उंच बॉल टाळा. अकराच्या गेममध्ये कुणी सहावर पोचलं की बाजू बदला.

घाम इथे वाळत नाही, त्यामुळे मुलं तापतात आणि ते पटकन कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी सावलीत बसवून पाणी द्या. चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा शहाळं असेल तर आणखी चांगलं. चेहरा लाल, डोकं दुखतंय, मळमळतंय अशी तक्रार आली की त्या दिवसाचा खेळ बंद.

पिकलबॉलमधली सगळ्यांत वाईट दुखापत बॉल लागून होत नाही, मागे मागे धावताना होते. डोक्यावरून गेलेला बॉल घ्यायला मोठी माणसं उलटी धावतात, टाच अडकते आणि पडताना हात मागे टेकला की मनगट मोडतं. हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी करून दाखवा: आधी वळायचं, बाजूनं धावायचं, मग मारायचं. नाहीतर बॉल सोडून द्यायचा. पायात मागे पट्टा नसलेली चप्पल नको, कोब्यावर अनवाणी नको. बाजूला सरकताना टाच धरून ठेवणारे बूट हवेत. पळण्याचे बूट उंच आणि मऊ तळाचे असतात, त्यांनी पाय मुरगळतो. चष्मा नसणाऱ्यांनाही साधा प्लास्टिकचा सुरक्षा चष्मा द्या, नेटजवळ बॉल डोळ्यावर येतो तेव्हा पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. कुठूनही सुटा बॉल कोर्टात आला की जो बघेल त्यानं ‘बॉल!’ म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी जागीच थांबायचं.

गडग्यात गेलेला बॉल हातानं काढू नका. चिऱ्यांच्या फटींत, पाचोळ्यात आणि लाकडांच्या ढिगात फुरसं, हा छोटा विषारी साप, बसलेलं असतं आणि त्याचा रंग मातीशी इतका मिळतो की दिसत नाही. टोकाला आकडा असलेली लांब काठी कोर्टाशेजारी कायम ठेवा, आणि संध्याकाळनंतर बॉल काढायला मुलांना पाठवूच नका. चावल्याची शंका आली तरी आवळून बांधणं, कापणं, मंत्र-उतारा यात वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता सरळ दवाखान्यात न्या.

आणखी एक. पॅडलचा ‘टक टक’ आवाज लांब जातो. दुपारी दोन ते चार शेजारच्या घरात माणसं आडवी झालेली असतात, त्या वेळेत खेळ ठेवू नका.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात

मे संपत आला की आगोटीच्या कामांत कोर्टाचंही काम धरा. जाळं उतरवून गोड्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि उंदीर पोचणार नाहीत असं डब्यात ठेवा. ओलसर गुंडाळलं तर कापडी पट्टीला बुरशी येते. जीआय पाइपला सांध्यांशी ग्रीस चोळून प्लास्टिक बांधा. लाकडी पॅडल भिंतीला टेकवून उभी ठेवली तर दमटपणानं वाकतात. ती एकमेकांवर आडवी रचून वर वजन ठेवा.

पावसात बाहेर खेळायचा हट्ट नको, कोब्यावर शेवाळ धरतं आणि ते दिसण्याआधीच पाय सटकतो. खेळ चालू ठेवायचा असेल तर शाळेचं सभागृह किंवा लग्नसराई संपल्यावर रिकामं असलेलं मंगल कार्यालय विचारून बघा. छत किमान १८ फूट उंच हवं आणि पंखे बंद ठेवावे लागतात. गुळगुळीत फरशी असेल तर आधी कोरड्या फडक्यानं पुसा, दारातून आलेल्या ओल्या पावलांमुळेच तिथे माणसं पडतात, म्हणून खेळायचे बूट आत येऊन घालायचे. गणपतीला घर पुन्हा भरायच्या आधी, उघडीप मिळाली की कोब्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्ध्या तासानं खराट्यानं घासा, भरपूर पाण्यानं धुवा, दोन दिवस ऊन लागू द्या. मग साडेसहा फुटांवरून बॉल सोडून टप्पा पुन्हा तपासा, कारण पावसानं पोकळ झालेल्या जागा आता कळतात.